दोन कऱ्हेकाठ

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या सर्व्हरवरच्या शोधाच्या चौकटीत मी 'कऱ्हेकाठ' असं टाइप केलं आणि एंटर दाबलं. उत्तर आलं, या नावाचं काहीही सापडलं नाही. आणि त्याच पडद्यावर, त्या चौकटीच्या चार बोटं खाली, 'कऱ्हेकाठ' नावाचा फोल्डर चांगला ठसठशीत दिसत होता.

मी चष्मा पुसला. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच उत्तर. शेवटी आमच्या सौ.ला हाक मारली. ती म्हणाली, "दिसतोय ना डोळ्यांसमोर? मग शोधताय कशाला?" प्रश्न बिनतोड होता. पण तेहतीस वर्षं शुद्धलेखन शिकवलेल्या माणसाला, आपण लिहिलेला शब्द आणि समोर दिसणारा शब्द एक नाहीत असं यंत्राने सांगितलं, तर झोप लागत नाही. मी तो फोल्डर उघडला. आत अकरा फाइली होत्या. माझ्या आठवणीप्रमाणे अठरा असायला हव्या होत्या.

आधी त्या अठरा फाइली कसल्या ते सांगतो, म्हणजे पुढची चिडचिड वाचकांना समजेल.

१९७२ साली मी बावीस वर्षांचा होतो. नुकताच बी.ए. झालेलो, नोकरी नाही, आणि पाऊसही नाही. आमचा पुरंदर तालुका तसा पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचा. कऱ्हा नदी आमचीच, पण पाणी दाखवील तर शपथ. (आचार्य अत्र्यांनी आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असं नाव दिलं ते मोठ्या मनाने दिलं, असं आम्ही सासवडकडचे लोक गमतीने म्हणतो.) त्या वर्षी तर विहिरींनी तळ गाठला. सरकारने दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आमच्या भागात एका पाझर तलावाचं काम निघालं आणि लिहितावाचता येतं म्हणून मला मस्टर लिहायला घेतलं. माझ्या बरोबरीची मुलं, त्यांच्या बायका, म्हाताऱ्या, सगळे माती वाहत आणि खडी फोडत होते, आणि मी झाडाच्या सावलीत बसून त्यांची नावं लिहीत होतो. त्याची बोच मला अजून आहे.

२००८ साली निवृत्त झाल्यावर मी ठरवलं की त्या कामावर असलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात घेऊन ठेवायच्या. हातात एक छोटा टेपरेकॉर्डर होता. सात कॅसेटी भरल्या. मिलोच्या लाल भाकरीबद्दल लोक काय काय बोलले आहेत! सुकडीबद्दलही. एका आजोबांनी तर दगड कसा 'वाचायचा', म्हणजे कुठे घाव घातला की फुटतो, ते वीस मिनिटं समजावून सांगितलं आहे. २०११ साली माझ्या पुतण्याने त्याच्या जुन्या ॲपलच्या संगणकावर त्या सातही कॅसेटी उतरवल्या. फोल्डरला मी नाव दिलं 'कऱ्हेकाठ', आणि फाइलींना 'आवाज ०१' ते 'आवाज ०७'. त्याने त्याचा बॅकअप एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवला. पुढे तो संगणक म्हातारा होऊन भंगारात गेला.

२०१६ पासून मी दुसरी फेरी सुरू केली. आता हातात मोबाइल होता आणि घरी विंडोजचा लॅपटॉप. पुन्हा 'कऱ्हेकाठ' असा फोल्डर केला, पुन्हा 'आवाज ०१' पासून सुरुवात केली (हा माझा गाढवपणा, तो मी आधीच कबूल करून टाकतो) आणि त्या अकरा फाइली त्याच सर्व्हरवर पाठवल्या. तिथे तेव्हापासून एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसत. मला वाटायचं, यंत्र एकच गोष्ट दोनदा दाखवतंय. म्हातारपणी आपल्यालाही दोन दोन दिसतं, त्यालाही दिसत असेल.

गेल्या वर्षी त्या सर्व्हरचं भाडं वाढलं म्हणून पुतण्याने सगळा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं ठरवलं. वाटेत त्याने त्याचा स्वतःचा लॅपटॉप वापरला, तोही ॲपलचाच. जुन्या सर्व्हरवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून नव्या सर्व्हरवर. 'आरसिंक' नावाचं एक जुनं, भरवशाचं साधन त्यासाठी वापरतात. काम रात्रीत झालं. एकही चूक दाखवली गेली नाही. जुना सर्व्हर सोडून दिला, आणि महिन्याभरात तिथला सगळा मजकूर नियमाप्रमाणे पुसला गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी मी शोधाच्या चौकटीत 'कऱ्हेकाठ' टाइप केलं.

पुतण्या पुण्याहून मुद्दाम आला. तासभर काहीतरी आकडे बघत बसला. मग म्हणाला, "नाना, तुमचा ऱ दोन प्रकारचा आहे."

हे वाक्य मला जन्मात कोणी ऐकवलं नव्हतं.

त्याने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. वर्गात फळ्यावर मी पोरांना दर्या आणि दऱ्या शिकवत असे. एक समुद्र, दुसरी डोंगरातली. आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यात पंगतीचा फरक पडतो, हे तर अत्र्यांच्या मुलखात शिकवावंच लागतं. हा जो अर्धचंद्रासारखा वळसा आहे तो आपण हाताने सहज काढतो. संगणकाला मात्र वळसा कळत नाही, त्याला आकडा कळतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. र ला एक, आणि त्याच्या शेजारी ऱ ला दुसरा. मराठीत आपण पूर्ण ऱ कधी लिहीतच नाही. तो क्रमांक मुळात तमिळसारख्या द्राविडी भाषांतला एक र देवनागरीत दाखवण्यासाठी आहे. आपला वळसा त्या ऱ चं अर्धं रूप म्हणून त्याच घरात राहतो. भाडेकरूच म्हणा. इनस्क्रिप्टच्या कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की हा ऱ उमटतो, मी रोज तोच वापरतो. पण इतकी वर्षं मला माहीत नव्हतं की याच ऱ चं दुसरं लेखन आहे: साधा र, आणि त्याच्या खाली स्वतंत्र क्रमांकाचा एक नुक्ता. एक अक्षर अखंड, एक दोन तुकड्यांचं. युनिकोडच्या नियमाप्रमाणे दोन्ही लेखनं समान मानायची असतात, आणि पडद्यावर ती सारखीच दिसतात.

(तिसराही प्रकार आहे. र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतला तो मार्ग अजून चालतो, दिसतोही तसाच. पण नियमाने तो पहिल्या दोहोंच्या बरोबरीचा धरला जात नाही. म्हणजे आमची एवढीशी कऱ्हा संगणकात तीन पात्रांतून वाहते.)

आता गंमत पाहा. ॲपलची जुनी व्यवस्था, जी १९९८ पासून होती, ती फाइलीचं नाव तुम्ही कसंही लिहा, त्याचे तुकडे करूनच साठवत असे. मी अखंड ऱ दिला होता, तिने र आणि नुक्ता करून ठेवला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. तेच नाव सर्व्हरवर गेलं. सर्व्हर होता लिनक्सचा. लिनक्स बापडा नावाचा अर्थ लावत नाही. जे आकडे आले ते जसेच्या तसे ठेवतो. त्यामुळे २०१६ साली विंडोजवरून माझा अखंड ऱ आला, तेव्हा त्याच्या लेखी हा निराळाच फोल्डर होता. म्हणून दोन. माझे डोळे आणि त्याचंही डोकं, दोन्ही शाबूत होतं.

ॲपलने २०१७ साली नवी व्यवस्था आणली. ती नाव मोडत नाही, जसं दिलं तसं ठेवते. पण शोधताना आणि ठेवताना दोन्ही लेखनं एकच समजते. हे ऐकून मी म्हणालो, "अरे, मग हीच शहाणी!" पुतण्या गप्प बसला. कारण घात तिथेच झाला होता. सर्व्हरवरून आधी जुना फोल्डर त्याच्या लॅपटॉपवर आला. मग दुसरा आला, तेव्हा लॅपटॉप म्हणाला, या नावाचा फोल्डर आहेच की, यातच घालू या. नवा 'आवाज ०१' जुन्या 'आवाज ०१' वर बसला. ०२ वर ०२. सात वेळा. उरल्या अकरा. आणि फोल्डरचं नाव राहिलं आधी आलेल्याचं, तुकड्यांचं. म्हणून मी अखंड ऱ टाइप करून शोधल्यावर नव्या लिनक्स सर्व्हरने हात वर केले.

पुतण्याचा चेहरा पडला होता. त्याला मी दोष देत नाही. त्याने आज्ञा दिली ती बरोबर होती. आरसिंकमध्ये ही अडचण ओळखून नावांचं लेखन बदलून नेण्याची सोय २००८ सालापासून आहे, पण ती तुम्ही मागितली तर मिळते. आणि आपल्या काकांच्या ऱ ला दोन रूपं आहेत हे माहीत नसलेला माणूस ती मागणार कशी? जाताना तो म्हणाला, "नाना, यापुढे फाइलींची नावं इंग्रजीत ठेवत जा. कटकटच नको."

हा लेख लिहायला बसलो तो खरं तर या वाक्यामुळे.

हा सल्ला मला आजवर किती जणांनी दिला आहे! बँकेत, तालुक्याच्या ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात. "सर, नाव इंग्रजीत सेव्ह करा, मराठीत प्रॉब्लेम येतो." देणारे सगळे भले लोक आहेत. पण हा सल्ला म्हणजे मुलाला वर्गात त्रास होतो म्हणून त्याचं नावच बदलून टाकण्यासारखं आहे. शिवाय तो उपाय म्हणूनही खरा नाही. इंग्रजीतही लहान आणि मोठ्या लिपीचा हाच घोळ आहे. लिनक्स दोन्हींना वेगळं मानतो. विंडोज आणि ॲपल सहसा एक मानतात. कोणी एक फोल्डर मोठ्या अक्षराने आणि दुसरा लहान अक्षराने सुरू केला असेल, तर याच वाटेने जाताना त्यांचंही हेच होईल. फ्रेंचांच्या डोक्यावर चिन्ह असलेल्या अक्षरांचं हेच दुखणं आहे. कोरियन लोकांनी ॲपलवरून पाठवलेल्या फाइलींची नावं विंडोजवर सुट्या अवयवांसारखी विस्कटलेली दिसतात, ही तर त्यांच्याकडची नेहमीची तक्रार. त्यांनी आपली लिपी सोडली नाही. आरडाओरडा केला, म्हणून तर साधनांत सोयी आल्या.

आणि रोमन लिपीत मी कऱ्हा लिहू कशी? कऱ्हाडचं काय झालं पाहा. रोमनमधून परत येता येता त्याचं 'कराड' झालं, आणि आता मराठी पाट्यांवरही तेच दिसतं. दऱ्या आणि दर्या तर रोमनमध्ये एकच. म्हणजे यंत्राने निदान दोन वेगळे आकडे तरी ठेवले होते, रोमनमध्ये मी स्वतःच दोन शब्दांचा एक शब्द करून बसलो असतो.

माझी तक्रार दुसरीच आहे. दोन नावं एक मानावीत की दोन, यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. व्याकरण शिकवणारा म्हणून मी एक मानण्याच्या बाजूचा आहे. पण नक्कल करणाराने गप्प राहू नये. शाळेच्या जनरल रजिस्टरात एका मुलाचं नाव दुसऱ्याच्या ओळीवर गेलं तर कारकून हेडमास्तरांकडे येतो, लाल शाईने शेरा मारला जातो, सही होते. इथे सात माणसांवर सात माणसं बसवली गेली आणि शेवटी पडद्यावर आलं की काम व्यवस्थित झालं. एक ओळ पुरली असती: या ठिकाणी या नावाची फाइल आधीच आहे, काय करू? फाइली एकेक हाताने ओढून नेताना संगणक हे विचारतो. घाऊक काम असलं की विचारत नाही. घाऊक कामातच तर विचारायची जास्त गरज असते!

दुसरं म्हणजे, मोजलं नाही. सहलीला नेलेली पोरं परत बसमध्ये चढवताना मी कधी यादी वाचून हजेरी घेतली नाही. नावाला 'हजर' म्हणणारा मित्रही असतो. मी दारात उभा राहून डोकी मोजत असे. अठरा गेले, अकरा आले, हे कळायला संगणकाचं ज्ञान लागत नाही. आणि फाइलींचे तीन ठिकाणी बॅकअप आहेत म्हणून पुतण्या निश्चिंत होता, ते तिन्ही बॅकअप नंतर त्या अकरांचेच झाले होते.

आता हे सांगायला मला जड जातंय, पण सांगतो. १९७२ साली, त्या झाडाखाली बसून, हेच काम मी केलं होतं.

त्या तलावावर एकाच वस्तीतल्या दोघी होत्या. नाव एक, आडनाव एक, आणि नवऱ्याचं नावही एकच. नवरे चुलतभाऊ, दोघांनाही आजोबांचं नाव ठेवलेलं. कच्च्या हजेरीवरून पक्क्या मस्टरवर नावं उतरवताना मला वाटलं, चुकून दोनदा लिहिलंय. एक ओळ खोडली. स्वतःला मोठा चोख समजत होतो मी तेव्हा. पगाराच्या दिवशी एकीला पैसे मिळाले, दुसरीला नाही. मी मुकादमाकडे गेलो, त्याने वर कळवतो म्हटलं. पण त्या आठवड्याचे पैसे तिला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून मी एकीपुढे 'थोरली' आणि दुसरीपुढे 'धाकटी' असं लिहू लागलो.

२००९ साली मी त्या धाकटीच्या घरी रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. पासष्टीच्या घरात असेल ती. मी स्वतःहून विषय काढला, माफी मागितली. ती हसली. म्हणाली, "गुरुजी, त्या आठवड्याला थोरलीच्या पैशात दोघींच्या चुली पेटल्या. तुमचं काय घेऊन बसलात." आणि मग तिने थोरलीबद्दल सांगायला सुरुवात केली ती कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत. ती 'आवाज ०६' होती. २०१५ साली ती गेली. थोरली त्याच्याही आधी.

मूळ कॅसेटी कुठे आहेत, हे पुतण्याने विचारलं तेव्हा मी माळ्यावरची ट्रंक काढली. सातातल्या चार मिळाल्या. उरलेल्या तीन कॅसेटींवर मी २०१२ साली आमच्या भजनी मंडळाची भजनं भरून घेतली होती. संगणकावर उतरवून झालंच आहे, मग कॅसेट वाया कशाला घालवायची, असा विचार केला असणार. सहावी त्या तिनांतली. लावून पाहिली. छान भजनं आहेत.

तेव्हा यंत्रावर फार आवाज चढवण्याचा अधिकार मला नाही, हे मला कळतं. तरी मी माझं म्हणणं मागे घेत नाही. मी बावीस वर्षांचा पोरगा होतो, उन्हात घाईने लिहीत होतो. आणि चूक झाली तर जाब विचारायला एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहू शकत होती. या फाइलींच्या वतीने कोण उभं राहणार?

सध्या मी त्या चार कॅसेटी पुन्हा उतरवतोय. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला आहे, आवाज जरा लांबतो. फाइलींना आता नुसते आकडे देत नाही. कोण, कुठलं गाव, कोणतं साल, असं लिहितो. मला लांबलचक नावं द्यायची खोड आहे, तर त्यालाही मर्यादा निघाली. बहुतेक लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, सगळी वेगळी मोजायची. म्हणजे जेमतेम पंच्याऐंशी चिन्हं. पोस्टकार्डाची सवय असलेल्याला तेवढी पुरतात.

सहाव्या कॅसेटवर जे होतं त्यातलं माझ्या वहीत दीड पान टिपलेलं आहे. तेवढं मी परवा माझ्याच आवाजात वाचून ध्वनिमुद्रित केलं आणि सुरुवातीला तसं स्पष्ट सांगितलं. फाइलीचं नाव 'धाकटी, २००९, वहीवरून'. फोल्डर मात्र 'कऱ्हेकाठ'च. पुतण्याने फोनवर विचारलं, "नाना, कोणता ऱ वापरलात?" मी म्हटलं, शिफ्ट दाबून येतो तो. तो म्हणाला, ठीक आहे, मी सगळीकडे तोच करून घेतो. रविवारी येणार आहे. तोवर नव्याने उतरलेल्या चार आणि ही एक धरून सोळा फाइली आहेत, तशी नोंद मी वहीत तारीख घालून केली आहे.